मीटर बंद, इंजिन ओके

पुणे-सोलापूर रस्त्यानं हडपसर सोडलं, मांजरी मागं पडली आणि कवडीपाट ओलांडलं, की शेती दिसायच्या आधी शेतीवर चालणारे धंदे दिसायला लागतात. खतं-औषधांची दुकानं, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, ट्रॉल्या बांधणारे वेल्डिंगवाले, रोटाव्हेटरची पाती बदलून देणारे आणि सोरतापवाडीकडं सरकावं तशा रोपवाटिकांच्या पाट्या. या रांगेतच कुठं जुन्या ट्रॅक्टरचा एखादा प्लॉट लागतो. मुरूम पसरलेला, कडेला पत्र्याची शेड, दाराशी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि तोंड रस्त्याकडं करून ओळीनं उभे केलेले ट्रॅक्टर. लाल, निळे, हिरवे; सगळे धुतलेले, टायरांना काळं पॉलिश मारलेलं. कोणत्या सालचा ते विचारलं तर लगेच सांगतात. किंमत मात्र गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरते.

याच रस्त्यावरचं लोणी काळभोर आता धड गाव राहिलेलं नाही आणि शहरही झालेलं नाही. सातबारा हवेली तालुक्याचा, कारभार ग्रामपंचायतीचा, पण पोलीस ठाणं २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयाखाली. तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की इथं मुक्कामाला येते. त्याच गावात एक बडं खासगी विद्यापीठ आहे आणि तेलकंपन्यांचे डेपोही आहेत. शेजारच्या थेऊरला अण्णासाहेब मगरांनी उभा केलेला यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. कालव्याचं पाणी आहे, ऊसही आहे, पण तो आता दुसऱ्यांच्या गव्हाणीत जातो. आणि बऱ्याच रानांत उसाच्या जागी गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पडले आहेत. जमीन गेली तरी ट्रॅक्टर दारात उभाच राहतो. पोरांना त्याच्या जागी चारचाकी लावायची असते, म्हाताऱ्याला तो हलवायचा नसतो. शेवटी घरातलं कुणीतरी डीलरला फोन करतं. पूर्व हवेलीतला असा ट्रॅक्टर मग दौंड, पुरंदर, शिरूर, इंदापूर नाहीतर करमाळ्याच्या गिऱ्हाइकाकडं जातो. शहर पूर्वेला जेवढं सरकतं, तेवढा ट्रॅक्टर त्याच्या पुढं पळतो.

नवा ट्रॅक्टर आपल्याकडच्या बहुतेक शेतांना परवडत नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी वहितीचं क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या किंचित वर. शेती अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य दहा वर्षं किंवा दहा हजार तास धरतात. वर्षाला हजार तास. सव्वातीन एकरांची नांगरट, रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या, सरी, पेरणी असं सगळं धरलं तरी वर्षाचे पन्नास तास भरताना मारामार होते. उरलेले साडेनऊशे तास आणायचे कुठून? एक तर ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या रानात भाड्यानं घालायचा, नाहीतर ट्रॉलीला जुंपायचा. दोन्ही जमत नसेल तर ४५-५० अश्वशक्तीचा सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहून हप्ते खातो. अशा माणसानं तीन लाखांचा जुना घेतला आणि वर्षाला शंभर तासच चालवला, तर त्यात कमीपणा काय? जुन्या ट्रॅक्टरला गावात नाकं मुरडतात खरी, पण मुरडणारे बहुधा स्वतः हप्ते भरत असतात.

नव्यांच्या खरेदीवरच जुन्यांचा बाजार चालतो. देशात २०२४-२५ मध्ये नऊ लाखांवर नवे ट्रॅक्टर खपले. पाडवा, दसरा, दिवाळी हे मुहूर्त. मुहूर्तावर नवा घेणाऱ्यांतले पुष्कळ जण जुना बदली देतात. शोरूमवाल्याला तो जुना नको असतो. त्याला नव्याचा आकडा पुरा करायचा असतो. तो जुना सेकंडहँडवाल्याच्या गळ्यात घालतो. म्हणून मुहूर्त उलटल्यावर पंधरा-वीस दिवसांनी या प्लॉटांवर निवडायला माल जास्त. दुसरं चक्र उसाचं. गाळपाच्या तोंडावर ट्रॉली ओढणाऱ्या पन्नास अश्वशक्तीच्या गाड्यांना मागणी चढते. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हिशेब झाले, की त्याच गाड्या विकायला येतात. घाई नसेल तर घेणाऱ्यानं उन्हाळ्यात घ्यावा आणि विकणाऱ्यानं दसऱ्याआधी विकावा. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि गरजेच्या माणसाला नेमकं उलटं करावं लागतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि या बाजाराला वेगळाच धक्का बसला. केंद्र सरकारच्या हिशेबानं ४५ अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरमागं सुमारे ४५ हजार, तर ५० अश्वशक्तीमागं ५३ हजार रुपये वाचणार होते. टायर आणि सुटे भागही १८ वरून ५ टक्क्यांवर आले. नव्याची किंमत उतरली की दोन-तीन वर्षं वापरलेल्या गाडीचा भाव आपोआप ढिला पडतो. पंधरा वर्षांच्या गाडीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. आदल्या महिन्यात जुना माल भरून ठेवलेल्या डीलरला हा फटका सोसावा लागतो. गिऱ्हाइकानं मात्र एवढं लक्षात ठेवावं, की ‘नवा एवढ्याला आहे’ असं सांगून जुन्याचा भाव बांधला जात असेल, तर तो नव्याचा भाव कोणत्या महिन्यातला, हे विचारून घ्यायचं.

ट्रॅक्टर बघायला गिऱ्हाईक एकटं येत नाही. बरोबर मेहुणा नाहीतर चुलता असतो आणि गावाकडचा मिस्त्री असतो. मेहुणा टायर बघतो, चुलता भाव ऐकून मान हलवतो. मिस्त्री मात्र बॉनेटच्या कडेनं हात घालून इंजिनच्या ब्लॉकला तळवा लावतो. ब्लॉक कोमट लागला की समजायचं, गाडी आधी चालू करून ठेवलेली आहे.

‘‘आत्ताच एका गिऱ्हाइकाला दावली, पाव्हणं,’’ डीलर म्हणतो.

‘‘मग गार होऊ द्या की शेठ. च्या सांगा तवर.’’

हा चहा फुकट जात नाही. थकलेलं इंजिन गरम असताना निमूट चालू होतं. गार असताना त्याचं खरं वय कळतं. अर्ध्या-पाऊण तासानं चावी फिरवली आणि स्टार्टर नुसता दळत राहिला, तर एक तर बॅटरी गेलेली, नाहीतर रिंगा-लायनर झिजून कॉम्प्रेशन उतरलेलं. चालू झाल्यावर सगळे सायलेन्सरकडं बघतात. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात निवळला तर ठीक. राहिला तर नोझल, पंप नाहीतर हेडगॅस्केटकडं संशय जातो. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, एअर क्लीनरपासून पंपापर्यंत कुठंही खोट असेल. निळा धूर सगळ्यांत महाग, तो ऑइल जळल्याचा. मग मिस्त्री चालू गाडीच्या ऑइलचं टोपण काढतो. तिथून फकफक वाफ मारायला लागली, टोपणाखाली धरलेल्या हातावर ऑइलचे शिंतोडे आले, की तो बोलत काहीच नाही, टोपण बसवून हात पुसतो. चुलत्याला तेवढं पुरतं. डिपस्टिकला ताकासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी उतरलेलं असतं आणि मग भावाची बोलणी निघतच नाहीत.

पुढचं बघणं चालवून. स्टेअरिंग किती मोकळं फिरतं, पुढचं चाक जॅकवर उचलून हलवलं तर किंगपिन आणि बुश किती ढिले आहेत, वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच हळू सोडला तर इंजिन दबून बंद पडतं की क्लच नुसता घसरत राहतो. चढाला ओझ्यावर गिअर आपोआप निसटतो का. सगळ्यात शेवटी हायड्रोलिक. प्लॉटच्या कडेचा नांगर नाहीतर फणाचा सांगाडा लावून लिफ्ट वर घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. फण हळूहळू खाली टेकले तर लिफ्टचं काम निघणार. रिकामी लिफ्ट वर-खाली करून दाखवणाऱ्याला मिस्त्री मनातल्या मनात शिवी घालतो.

आणि मीटर. प्लॉटवर सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मीटर बंद, इंजिन ओके’. जुन्या गाड्यांतलं तास मोजणारं मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं. ठरलेल्या वेगावर एक तास चाललं की मीटरचा एक तास. कमी फेऱ्यांवर रेंगाळलेल्या गाडीचे तास कमी पडतात. केबल तुटली की मोजणी थांबते, आणि नवं मीटर बसवलं की गाडी पुन्हा कुमारिका. बैलबाजारात जबडा उघडून दात मोजायचे. आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळलेला, यावर वय ठरायचं आणि त्याला कुणी हरकत घेत नसे. ट्रॅक्टरला असा जबडा नाही. मीटरपेक्षा क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचं झिजणं, सीटखालच्या पत्र्याचं गुळगुळीत होणं आणि स्टेअरिंगच्या चाकाला पडलेल्या अंगठ्याच्या खुणा जास्त खरं बोलतात. पॅडलची रबरं नवी आणि खालचा लोखंडी दांडा झिजलेला असेल, तर रबरं कधी आणि कशासाठी बदलली ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण यंत्र किती झिजलं याहून ते कशात झिजलं, हा प्रश्न मोठा आहे. नवखे इथंच फसतात. एकाच कंपनीचे, एकाच सालचे, एकाच रंगाचे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे असतात आणि त्यांचे जन्म पार निराळे गेलेले असतात. उसाच्या नाहीतर विटांच्या ट्रॉलीला जुंपलेला ट्रॅक्टर डांबरावर झिजतो: मागची टायरं मधोमध सपाट, ट्रॉलीचा हुक अडकवायचं भोक गोलाचं लांबट झालेलं, क्लच आणि ब्रेक संपत आलेले, आणि मागच्या हाउसिंगवर एखाद्या जागी वेल्डिंगचा जोड, त्यावर ताजा रंग. पुढं लोडर नाहीतर डोझर लावलेल्या गाडीच्या चेसिसवर ब्रॅकेटची रिकामी भोकं राहतात आणि पुढचा ॲक्सल खाल्लेला असतो. मावळाकडून नाहीतर कोकणातून चिखलणी करून आलेल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलची सीलं पाझरतात, पोटाखाली गंज धरलेला असतो. रात्री नदीपात्रात वाळू ओढलेल्या गाडीलाही असाच गंज असतो, वर तिच्या नावावर काय काय असेल ते निराळं. निव्वळ रानातला, रोटाव्हेटर मारणारा ट्रॅक्टर दिसायला धुळकट, पत्रा चेपलेला, पण टायरं काठापासून सारखी झिजलेली आणि गिअर शाबूत. माझ्या मते न रंगवलेला, कळकट दिसणारा ट्रॅक्टर आधी बघावा. ज्यानं रंगावर वीस हजार घातले, त्याला ते कुठून तरी वसूल करायचेच असतात.

बाहेरच्या राज्यांतल्या गाड्यांचं असंच आहे. पंजाबात मोगा, बर्नाला, तलवंडी भाई अशा ठिकाणी जुन्या ट्रॅक्टरचे मोठे बाजार भरतात. तिथं ट्रॅक्टर गरजेपेक्षा जास्त झाले आहेत, आणि रोकड उभी करायला कर्जावर नवा ट्रॅक्टर काढून तो लगोलग तोट्यात विकण्याचे प्रकारही तिथं वर्षानुवर्षं बोलले गेले आहेत. असा ट्रॅक्टर स्वस्त मिळतो आणि चांगलाही असू शकतो. पण तो इकडं आणला की तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, वर्षाच्या आत इथं नव्यानं नोंदणी करावी लागते, नंबर बदलतो. हे सगळं ‘करून देतो’ म्हणणाऱ्याचं काम सहा महिने चालतं.

कंपनीवरून भांडणं तर दारू न पिताही होतात. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीनं १९६३ मध्ये ट्रॅक्टर काढायला घेतले. स्वराज १९७४ मध्ये पंजाबातून आला आणि २००७ मध्ये महिंद्राच्याच घरात गेला. आयशर २००५ मध्ये मॅसी फर्ग्युसन बनवणाऱ्या टॅफेकडं गेला. म्हणजे एकमेकांना शिव्या घालणाऱ्या दोन गटांचे ट्रॅक्टर बऱ्याचदा एकाच मालकाचे निघतात. जॉन डिअर तर लोणीकरांच्या शेजारचाच. मुळा-मुठा ओलांडून नगर रस्त्याला लागलं की सणसवाडीत त्याचा कारखाना. जुन्याच्या व्यवहारात मात्र कंपनीच्या नावापेक्षा दोन गोष्टी कामाला येतात. एक, सुटे भाग. एचएमटीच्या ट्रॅक्टरवर जीव टाकणारे अजून आहेत, पण कंपनीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. भाग कुठं मिळतो ते माहीत असणाऱ्यानंच तो घ्यावा. दुसरं, इंजिनवर कुणाचा हात चालतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागले आणि त्यांच्यात संगणकावर चालणारी इंधनव्यवस्था आली. बिघाड झाला तर गावचा मिस्त्री पाना घेऊन उभा राहतो आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पेरणीचा वापसा निघून जातो. त्यामुळं २०२३ च्या आधीच्या साध्या पंपाच्या ५५ अश्वशक्तीच्या गाड्यांकडं लोक मुद्दाम वळतात.

इथवरचं सगळं मिस्त्री सांभाळतो. हाफ इंजिन काम निघालं, फुल निघालं, क्लच प्लेट गेली, तरी त्याचा आकडा काढता येतो आणि तो भावातून वजा करता येतो. ज्याचा आकडा निघत नाही ते काम प्लॉटवर नसतंच. ते डीलरच्या टेबलाच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. दोन तास इंजिन बघणारी माणसं त्या पिशवीला पाच मिनिटं देतात.

पिशवीत आरसी असते, विमा बहुधा संपलेला, आणि आधीच्या मालकाच्या सह्या घेतलेले कोरे टीटी फॉर्म. फॉर्म २९ आणि ३०. ‘‘सह्या हायेत अण्णा, कवाबी नावावर करा.’’ हे ‘कवाबी’ फार महागात पडतं. मोटार वाहन कायद्यानं विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. व्यवहारात एकाच कोऱ्या फॉर्मवर गाडी तीन-तीन हात बदलते आणि आरसीवर पहिल्याचंच नाव राहतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमक्या अशाच साखळीचा निकाल दिला. गाडी एकामागून एक विकली गेली होती, अपघात झाला तेव्हा ती भलत्याच्याच ताब्यात होती, तरी भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीतल्या मालकावर आली. म्हणजे लोणीत प्लॉट पाडून ट्रॅक्टर विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेला नसतो. करमाळ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलला त्या ट्रॅक्टरनं धडक दिली की समन्स त्याच्या नव्या फ्लॅटवर येतं. आणि घेणाऱ्याची पंचाईत निराळी. आरसीवरचा मालक मधेच वारला तर वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. मुली सासरी, एक भाऊ दुबईला, आणि सगळ्यांना आता बापाच्या ट्रॅक्टरची आठवण आलेली.

यावर एक उपाय २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं काढला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. ते पाच वर्षं चालतं. मालकानं गाडी डीलरच्या हवाली केली की ऑनलाइन तशी नोंद करायची आणि त्या क्षणापासून डीलर मालक समजला जातो. गाडी त्याच्या ताब्यात असताना काय झालं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, दाखवणं एवढ्यासाठीच हलवायची आणि त्याची नोंदवही ठेवायची. नियम चांगला आहे. प्लॉटवर जाऊन अधिकारपत्र मागून बघावं. काही जण काढून समोर ठेवतात, काही जण मागणाऱ्याकडंच संशयानं बघतात. हा नियम विकणाऱ्यांच्या सर्वांत जास्त कामाचा, आणि त्यांच्यातल्या थोड्यांनाच तो ठाऊक आहे.

मग बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा कर्ज मिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय गाडी मोकळी होत नाही. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नाहीतर मोबाइलमधल्या ॲपवर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, बोजा सगळं दिसतं. फुकट आहे, प्लॉटवर उभं राहून करता येतं. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पुन्हा पासिंग झालंय का तेही दिसतं. पुढं दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. ट्रॉली बरोबर घेत असाल तर तिची नोंदणी वेगळी, हे विसरायचं नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. ट्रॅक्टरची ती ४५० रुपये अधिक कर एवढ्यात होते, त्यासाठी भावात पाच हजार कापून मागणाऱ्या मेहुण्याला डीलर हसतो.

चेसिसचा नंबर मात्र हातानं बघायचा. डिझेलचा बोळा घेऊन रंग-ऑइलचा थर पुसायचा, त्यावर पातळ कागद धरून आडवी पेन्सिल घासायची. आकडे एका ओळीत, एका खोलीचे उठले पाहिजेत. एखादा आकडा बसकट, एखादा तिरका, भोवती ग्राइंडर फिरल्यासारखा पत्रा चकचकीत, असं दिसलं की पेन्सिल खिशात घालून चहाचे आभार मानायचे. ट्रॅक्टर मोठ्या कामावर भाड्यानं लावतो म्हणून शेतकऱ्यांकडून नेऊन परस्पर विकण्याच्या फसवणुकी राज्यात ठिकठिकाणी झाल्या आहेत. तसले ट्रॅक्टर शेवटी कुठल्या ना कुठल्या प्लॉटवरच उभे राहतात. वाळूच्या कारवाईत तहसीलदारानं पकडलेल्या गाडीवर लाखाच्या घरात दंड बसलेला असू शकतो. समाजकल्याणच्या योजनेत अनुसूचित जातीच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिळालेले मिनी ट्रॅक्टर विकायला अटी आहेत. भाव फार कमी सांगितला तर यांपैकी काय आहे, ते विचारावं.

राहिला ‘ओढून आणलेला’. हप्ते थकले म्हणून वित्त कंपनीनं उचललेला, लिलावात डीलरनं घेतलेला. प्लॉटवरच्या कोवळ्या, दोन-तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये असे बरेच असतात. त्यांच्यामागची गोष्ट ऊसपट्ट्यात घरोघरी ठाऊक आहे. पोरानं कारखान्याशी वाहतुकीचा करार केला, कर्जावर ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या काढल्या, मुकादमाला ऊसतोडीच्या टोळीसाठी लाखांत उचल दिली. टोळी आलीच नाही, किंवा आली आणि महिन्यानं रात्रीतून गेली. ट्रॅक्टर दारात, हप्ता चालू. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडात हजारीबागकडं ट्रॅक्टर ओढायला आलेल्या माणसांनी शेतकऱ्याच्या गर्भवती मुलीला त्याच ट्रॅक्टरखाली चिरडलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं त्या वित्त कंपनीला बाहेरची माणसं लावून वसुली करायला काही महिने बंदी घातली होती. इतक्या टोकाला सगळीकडं जात नाही. पण लिलावाचा ट्रॅक्टर घेताना लिलावाची कागदं, आधीच्या मालकाला दिलेल्या नोटिसा आणि कंपनीचं मोकळीक पत्र बघायचंच. यंत्र म्हणून तो बहुधा चांगला असतो, कारण मालकानं तो झिजवेपर्यंत त्याच्याकडं राहिलेलाच नसतो. काही जण अशी गाडी घरी नेत नाहीत, तळतळाटाची म्हणून. मी त्याला अंधश्रद्धा म्हणणार नाही, आणि भाव तीस हजारांनी कमी असेल तर बहुतेकांना तळतळाट आठवतही नाही.

सौदा ठरला की इसार. इथं एक साधी पद्धत शहाणी माणसं पाळतात: इसार पावतीवर इंजिन आणि चेसिस नंबर, ठरलेली किंमत, बोजा कुणी उतरवायचा आणि नाव कुणी, किती दिवसांत करून द्यायचं हे लिहून घ्यायचं. पैसे बँकेतून द्यायचे. गाडी हलवायच्या आधी निदान तृतीय पक्षाचा विमा चालू करायचा. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर मडगार्डवर तिघं बसवून लग्नाला नेला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते हेही त्याच वेळी घरात सांगून ठेवायचं. आणि आरसीवर नाव चढेपर्यंत थोडी रक्कम मागं ठेवायची.

या मागं ठेवायच्या रकमेवरच शेवटची खरी घासाघीस होते. डीलर म्हणतो पाच हजार, चुलता म्हणतो पन्नास. डीलर म्हणतो, ‘‘अण्णा, माझ्यावर विश्वास नाय का?’’ चुलता म्हणतो, विश्वास आहे म्हणून तर बाकीचे आत्ता देतोय. बहुतेकदा वीस-पंचवीसवर तुटतं, मिस्त्रीची बिदागी कुणी द्यायची यावर पुन्हा दहा मिनिटं जातात, आणि ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल किती आहे ते बघायला मेहुणा टोपण उघडतो.